जुन्या वस्तूंची ऑनलाईन विक्री आणि ग्राहकांच्या तक्रारी : स्वरूप व निराकरण

प्रस्तावना

वापरलेल्या वस्तू विकण्याची पद्धत आपल्या समाजाला नवी नाही. पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार किंवा मुंबईतील मटन स्ट्रीटचा चोर बाजार सर्वांना माहीत आहे. बऱ्हाणपूरसारख्या यंत्रमागाच्या गावात जुने माग व त्यांचे सुटे भाग एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जातच असतात. या व्यवहारांत घेणारा वस्तू हातात घेतो, उलटसुलट करून पाहतो, चालवून पाहतो, घासाघीस करतो आणि मगच पैसे मोजतो. विकणाराही मोकळेपणाने सांगतो की, आता पाहून घ्या, नंतर बोलू नका. माहिती तंत्रज्ञानाच्या युगात हाच व्यवहार मोबाइलवर आला आणि त्यातील एक महत्त्वाची पायरी गळून पडली. आधी छायाचित्र दिसते, मग पैसे जातात आणि वस्तू सर्वांत शेवटी हाती येते. तक्रारी निर्माण होतात त्या पैसे आणि वस्तू यांच्या मधल्या अंतरात.

सामुदायिक महाविद्यालयात शिकविणाऱ्या अध्यापकांनी या विषयाकडे का लक्ष द्यावे, असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. आपले विद्यार्थी जुना मोबाइल, शिलाई मशीन, दुचाकी, पाठ्यपुस्तके अशा वस्तू विकतात. काहींनी तर दुरुस्त केलेले मोबाइल विकण्याचा छोटा धंदाच सुरू केला आहे. चार-पाच हजारांच्या व्यवहारात बिघाड झाला तर त्यांच्या घरचा महिन्याचा हिशोब कोलमडतो, आणि प्रकरण पोलिसांत गेले तर शिक्षणही थांबते. दुसरे कारण भाषा अध्यापकाचे आहे. व्यावहारिक मराठीच्या तासाला आपण आजही मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहावयास शिकवितो. विकलेल्या वस्तूबद्दल रागावलेल्या अनोळखी माणसाला चार ओळींचे उत्तर कसे लिहावे, हे कोणी शिकवीत नाही. प्रस्तुत लेखात दोन्ही अंगांचा विचार केला आहे.

तीन शब्द

या व्यवहारातील तीन शब्द उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आहेत, पण त्यांच्या अर्थांची वाट वेगळी झाली आहे. 'तकरार' म्हणजे मुळात पुन्हा पुन्हा म्हणणे. उर्दूत त्याचा अर्थ वादावादी असाही होतो, तर मराठीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे, हिंदीतील शिकायत. 'हुज्जत' हा शब्द अरबीत पुरावा या अर्थाचा आहे, मराठीत मात्र तो निरर्थक वाद घालण्यासाठी वापरतात. आणि 'जाहिरात' हा शब्द 'ज़ाहिर' वरून आला, म्हणजे जे उघड केले ते. वर्गात हे तीन शब्द फळ्यावर लिहून चर्चा सुरू करता येते. जाहिरातीत दोष उघड केला नाही तर तक्रार येते, तक्रारीला पुरावा नसला तर हुज्जत होते. (नागपाड्याचा विद्यार्थी आणि रावेरचा विद्यार्थी एकच शब्द वापरून वेगळे काही म्हणत असतील, तर गैरसमज तेथूनच सुरू होतो, हेही लक्षात ठेवावे.)

तक्रार का निर्माण होते

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्यासाठी त्यांना २००१ मध्ये मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे साधे आहे. गाडीत काय खोट आहे ते विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्या संशयाने पाहतो आणि कमी भाव सांगतो. कमी भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, त्यामुळे चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात आणि खराब गाड्या उरतात. प्रामाणिक विक्रेत्याचे नुकसान असे दुसऱ्याच्या लबाडीमुळे होते. म्हणून दोष आपणहून सांगणे ही केवळ नीतीची बाब नाही. ज्याने तडा गेलेल्या काचेचे छायाचित्र स्वतः टाकले, त्याच्या उरलेल्या वर्णनावर ग्राहक विश्वास ठेवतो.

अनोळखी माणसांत हा विश्वास कसा निर्माण करावा, याचे पहिले मोठे प्रयोग अमेरिकेतील ईबे या संकेतस्थळावर झाले. पिएर ओमिदयार यांनी १९९५ मध्ये ते सुरू केले. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर, जो १४.८३ डॉलरला गेला. वस्तू बिघडलेली आहे हे घेणाऱ्याला माहीत होते, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलकी आहे. १९९६ मध्ये तेथे खरेदीदार व विक्रेते यांनी एकमेकांविषयी अभिप्राय नोंदविण्याची सोय आली. पण विक्रेते सूड म्हणून ग्राहकाविरुद्ध वाईट अभिप्राय देऊ लागले आणि ग्राहक खरे लिहावयास घाबरू लागले. म्हणून २००८ मध्ये विक्रेत्यांनी ग्राहकाविषयी प्रतिकूल अभिप्राय देण्याचा मार्ग बंद करण्यात आला. विक्रेत्यांना तो अन्याय वाटला, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही.

भारतात मुंबईच्या बाझी डॉट कॉमने २००० च्या सुमारास हा मार्ग खुला केला. २००४ मध्ये ईबेने ती कंपनी विकत घेतली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एका विक्रेत्याने त्या संकेतस्थळावर आक्षेपार्ह चित्रफीत विक्रीस ठेवल्यावरून कंपनीच्या प्रमुखांनाच अटक झाली. त्यातून मध्यस्थ संकेतस्थळाची जबाबदारी कोठपर्यंत, हा प्रश्न देशासमोर आला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ७९ पुढे दुरुस्त झाले आणि ती दुरुस्ती २००९ मध्ये अमलात आली. ईबे इंडियाने 'पैसापे' नावाची व्यवस्था ठेवली होती. ग्राहकाचे पैसे मधल्या खात्यात थांबत आणि वस्तू पोहोचल्यावर विक्रेत्याला मिळत. ते संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. आज जुन्या वस्तूंसाठी लोक ज्या वर्गीकृत जाहिरातींच्या ॲपकडे किंवा समाजमाध्यमांवरील गटांकडे जातात, तेथे बहुधा फक्त ओळख होते. पैसे थेट एकाकडून दुसऱ्याकडे जातात, मध्ये थांबत नाहीत. त्यामुळे तक्रार सोडविण्याचा भार त्या दोन माणसांवरच येतो.

कायदा काय सांगतो

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि लगेच ई-कॉमर्स नियम, २०२० आले. या नियमांत एक महत्त्वाचा अपवाद आहे. जी व्यक्ती नियमित अथवा पद्धतशीर व्यवसायाचा भाग म्हणून नव्हे, तर खासगी नात्याने एखादा व्यवहार करते, तिला हे नियम लागू होत नाहीत. म्हणजे आपल्या घरचा जुना कूलर विकणारा अध्यापक या नियमांच्या बाहेर आहे. परंतु दर महिन्याला आठ-दहा मोबाइल घेऊन, दुरुस्त करून विकणारा विद्यार्थी त्या अपवादात बसणार नाही, मग त्याचे दुकान असो वा नसो. अशा व्यावसायिक विक्रेत्याची वस्तू सदोष निघाली किंवा वर्णनाप्रमाणे नसली, तर ती परत घेण्यास त्याला नकार देता येत नाही. ही सीमारेषा विद्यार्थ्यांना स्पष्ट करून सांगणे आवश्यक आहे, कारण ती ओलांडल्याचे त्यांच्या लक्षातही येत नाही.

खासगी विक्रेता नियमांच्या बाहेर असला तरी कायद्याच्या बाहेर नाही. त्याला वस्तुविक्रय कायदा, १९३० आणि करार कायदा, १८७२ लागू आहेतच. वस्तुविक्रय कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाशी जुळली पाहिजे. ऑनलाईन विक्री ही जवळजवळ नेहमीच वर्णनावरून होणारी विक्री असते. कलम १६ प्रमाणे गुणवत्तेची गृहीत हमी सर्वसाधारणपणे नसते, घेणाऱ्याने स्वतः पारखून घ्यावे असे अपेक्षित असते. अशी हमी मुख्यतः त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्यावर येते. कलम ६२ नुसार पक्षकार आपसात वेगळे ठरवू शकतात, म्हणून 'आहे त्या स्थितीत' असे लिहिण्याला अर्थ आहे. पण ६४ जीबीचा फोन १२८ जीबी म्हणून विकला, तर 'आहे त्या स्थितीत' हे शब्द विक्रेत्याच्या कामी येणार नाहीत.

आणि गप्प राहिले तर? करार कायद्याच्या कलम १७ मध्ये याविषयी घोड्याची उदाहरणे दिली आहेत, ती वर्गात सांगण्यासारखी आहेत. लिलावात घोडा विकणाऱ्याला त्याचा दोष माहीत आहे आणि तो काहीच बोलत नाही, तर ती फसवणूक ठरत नाही. पण घेणारा म्हणाला की, तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन, आणि विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच धरले जाते. आज घोड्याच्या जागी मोबाइल आहे. 'बॅटरी ठीक आहे ना भाऊ?' असा निरोप आला, दोन निळ्या खुणा उमटल्या आणि उत्तर दिले नाही, तर तेही मौनच आहे. इस्लामी न्यायशास्त्रात याच प्रश्नासाठी 'ख़ियार-ए-ऐब' ही संज्ञा आहे, म्हणजे आधी न कळलेला दोष आढळल्यास वस्तू परत करण्याचा पर्याय. 'ऐब' हा शब्द आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असतो, त्यामुळे मुद्दा चटकन पोहोचतो.

घेणाऱ्यावरही जबाबदारी आहे. वस्तू मिळाल्यावर तपासण्याची वाजवी संधी त्याला मिळाली पाहिजे (कलम ४१), पण नापसंती न कळविता त्याने ती वाजवी काळापेक्षा जास्त ठेवून घेतली तर ती स्वीकारली असे मानले जाते (कलम ४२). 'वाजवी काळ' म्हणजे किती दिवस, यावर वाद होऊ नये म्हणून विक्रेत्याने आधीच लिहून टाकावे की, वस्तू मिळाल्यापासून तीन दिवसांत कळवावे.

तक्रारींचे प्रकार

प्रत्यक्षात येणाऱ्या तक्रारी थोड्याच प्रकारच्या असतात. वस्तू पोहोचली नाही, वाटेत फुटली, वर्णनाप्रमाणे नाही, चालत नाही, किंवा ग्राहकाचे मन बदलले. शेवटच्या प्रकाराला कायद्याने परतीचा हक्क मिळत नाही, पण तो प्रकार बहुधा 'चालत नाही' चे रूप घेऊन येतो.

मोबाइलच्या बाबतीत एक प्रकार सर्वांत जास्त त्रास देतो. समजा, बऱ्हाणपूरच्या एका विद्यार्थ्याने दोन वर्षे वापरलेला फोन भुसावळच्या गृहस्थांना ६,५०० रुपयांना विकला. त्यांनी फोन मूळ स्थितीत आणला आणि पडद्यावर जुन्या मालकाचे गूगल खाते मागितले गेले. फोन निकामी झाला असे त्यांना वाटते, चोरीचा आहे असा संशयही येतो. वस्तुतः ते चोरीविरोधी कुलूप आहे. विकणाऱ्याने आधी सेटिंगमध्ये जाऊन आपले खाते काढून टाकावे आणि मग फोन पुसावा, म्हणजे हा प्रश्न येत नाही. आयफोनलाही असेच कुलूप असते. खाते राहिलेच असेल तर खातेदार आपल्या खात्याचा पासवर्ड भरून कुलूप उघडू शकतो, पण तो पासवर्ड ग्राहकाला निरोपात पाठवू नये. समोर भेटून स्वतः भरावा.

दुसरा नेहमीचा वाद म्हणजे परत आलेला फोन आपला नव्हेच. यासाठी पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक पावतीवर लिहून ठेवणे हाच उपाय. तोच क्रमांक विकत घेतानाही उपयोगी पडतो. केंद्र सरकारच्या 'संचार साथी' सेवेत, जी मे २०२३ मध्ये देशभर सुरू झाली, एखाद्या आयएमईआयचा फोन बंद केलेला किंवा संशयास्पद आहे का ते पाहता येते. चोरीचा माल ठेवण्याविषयीची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये आहे. जुने फोन घेऊन विकणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक खरेदीच्या वेळी विकणाऱ्याची सही व ओळखपत्राची प्रत घ्यावी, हे मी आग्रहाने सांगेन.

कुरिअरने पाठविलेल्या वस्तूसाठी बांधणी करतानाचे अखंड चित्रण करावे. त्यात वस्तू चालताना, तिचा क्रमांक, डब्यात ठेवताना आणि वरचा पत्ता दिसावा. ग्राहकालाही डबा उघडताना चित्रण करावयास आधीच सांगावे. हा अविश्वास नव्हे. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळात व्ही.पी.ने पुस्तके मागविणारेही आधी पैसे भरत व नंतर पुडके उघडत, आणि आत दुसरेच पुस्तक निघाले की पत्रव्यवहार सुरू होई.

जाहिरात आणि उत्तर : दोन नमुने

वर्गात चर्चेसाठी जाहिरातीचा एक नमुना पुढीलप्रमाणे देता येईल :

'मोबाइल विकणे आहे. खरेदी जून २०२२, बिल व डबा आहे. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक सेंटिमीटर तडा, तिसऱ्या फोटोत दिसतो. बॅटरी सकाळी भरली तर दुपारपर्यंत टिकते, संध्याकाळपर्यंत टिकत नाही. बोटाच्या ठशाने कधी उघडतो, कधी नाही. याशिवाय दोष माझ्या लक्षात आलेला नाही. प्रत्यक्ष पाहून, चालवून घेतल्यास उत्तम. मिळाल्यापासून तीन दिवसांत कळवावे.'

'कंडिशन एकदम मस्त' या तीन शब्दांपेक्षा ही जाहिरात कमी आकर्षक वाटेल. परंतु 'मस्त' म्हणजे काय, यावर वाद होऊ शकतो. 'दुपारपर्यंत टिकते' यावर सहसा होत नाही.

आता तक्रार आली. ग्राहक रागात लिहितो की, तुम्ही फसविले, पैसे परत करा नाहीतर पोलिसांत जातो. येथे ऑनलाईन तंटानिवारणाचा अनुभव मार्गदर्शक ठरतो. १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील प्रा. ईथन कॅट्श यांच्या गटाने ईबेवरील सुमारे दोनशे तंटे ईमेलद्वारे मध्यस्थी करून हाताळण्याचा प्रयोग केला. पुढे ईबेवर वर्षाला सुमारे सहा कोटी तक्रारी येऊ लागल्याचे त्या विभागाचे प्रमुख राहिलेले कोलिन रूल यांनी नमूद केले आहे. एवढ्या तक्रारींना माणसे पुरणे शक्यच नव्हते. म्हणून ग्राहकाला मोकळे पान न देता, नेमके काय झाले आणि तुम्हाला काय हवे, असे ठराविक प्रश्न विचारले जात. नेमका प्रश्न आला की माणूस शिव्या देण्याऐवजी उत्तर देतो. आपल्या विद्यार्थ्यालाही हेच करता येईल :

'नमस्कार भाऊ, आपला निरोप मिळाला. आपल्याला त्रास झाला हे समजले. फोन सुरूच होत नाही की सुरू होऊन बंद पडतो? चार्जर कोणता लावला? कृपया एक छोटा व्हिडिओ पाठवा. मी आज रात्री नऊपर्यंत उत्तर देतो. दोष माझ्या वर्णनात नसलेला निघाला, तर परत घेणे किंवा किमतीत कमी करणे, जे आपल्याला सोयीचे, ते करू.'

या उत्तरात चूक कबूल केलेली नाही आणि नाकारलेलीही नाही. वेळ दिली आहे, आणि दिलेली वेळ पाळली पाहिजे. किंमत कमी करण्याचा मार्ग नव्या विक्रेत्यांना सुचत नाही, पण कलम ५९ मध्ये त्याला आधार आहे आणि पुष्कळदा तोच स्वस्त पडतो. वरील उदाहरणात नवी बॅटरी १,२०० रुपयांना बसत असेल आणि फोन परत मागविण्यात कुरिअरचे पैसे व आठवडा जाणार असेल, तर ६०० ते १,२०० रुपये परत देऊन व्यवहार मिटविणे दोघांच्या हिताचे. रक्कम दिल्यावर 'या व्यवहाराबाबत माझी आता तक्रार नाही' एवढे एक वाक्य ग्राहकाकडून लिहून घ्यावे. पूर्ण पैसे परत करावयाचे असतील तर वस्तू हातात आल्यावर, क्रमांक जुळवून मगच करावेत.

सर्व बोलणे एकाच ठिकाणी, लेखी असावे. फोनवर ठरले तर लगेच 'आत्ता ठरल्याप्रमाणे' म्हणून निरोप टाकावा. केवळ स्क्रीनशॉटवर विसंबू नये, मूळ संभाषण फोनमध्ये जपून ठेवावे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी प्रमाणपत्र लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात स्पष्ट केले. आता ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. हुज्जतीचा अरबी अर्थ येथे उपयोगी पडतो.

जेथे तक्रार नसून फसवणूक असते

काही वेळा ग्राहक हा ग्राहकच नसतो. तो न पाहता, घासाघीस न करता वस्तू घेण्यास तयार होतो, आपण लष्करात आहोत असे सांगतो आणि पैसे 'मिळविण्यासाठी' क्यूआर कोड पाठवितो. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीत जुना सोफा विकू पाहणाऱ्या एका तरुणीचे अशा रीतीने सुमारे ३४ हजार रुपये गेल्याचे वृत्त गाजले होते. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. व्यक्तीकडून व्यक्तीला पैशांची मागणी पाठविण्याची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, पण क्यूआर कोडची युक्ती तशीच आहे. दुसरी युक्ती म्हणजे पैसे भरल्याचा बनावट स्क्रीनशॉट, किंवा 'चुकून जास्त गेले, वरचे परत पाठवा' असा निरोप. आपल्या खात्याचे विवरण स्वतः पाहिल्याशिवाय वस्तू देऊ नये व पैसेही पाठवू नयेत. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. येथे तास-दोन तासांनी फरक पडतो, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडविता आली तरच उपयोग.

सीमेवरचे व्यवहार

बऱ्हाणपूरची अडचण वेगळी आहे. ग्राहक रावेर, भुसावळ किंवा जळगावचा असतो आणि राज्य बदलते. व्यावसायिक विक्रेत्याविरुद्ध ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे जाऊ शकतो, ही सोय २०१९ च्या कायद्याने दिली. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. म्हणजे मोबाइल दुरुस्त करून विकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला तारखेसाठी जळगावला जावे लागू शकते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर आधी नोंद होऊन बऱ्याचदा तडजोड निघते, तेव्हा तेथून आलेल्या निरोपाकडे दुर्लक्ष करू नये.

दुचाकीच्या बाबतीत मात्र तक्रार ग्राहकाकडून येत नाही, ती वर्ष-दोन वर्षांनी दुसऱ्याच कोणाकडून येते. एमपी ६८ क्रमांकाची गाडी रावेरच्या माणसाला विकली, पैसे मिळाले, चावी दिली आणि कागद तसेच राहिले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यांतर्गत विक्रीची खबर विकणाऱ्याने चौदा दिवसांत द्यावयाची असते. दुसऱ्या राज्यात गाडी जात असेल तर ना-हरकत प्रमाणपत्रासाठी फॉर्म २८ भरावा लागतो आणि ते पंचेचाळीस दिवसांत पुढे पाठवावे लागते. हस्तांतरणाचे फॉर्म २९ व ३० आहेतच. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सांगितले की, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, मग गाडी मध्ये कितीही हातांतून गेलेली असो. एमएच १९ क्रमांक मिळून नोंदणी पुस्तिकेत नवे नाव चढेपर्यंत विक्री पुरी झाली असे समजू नये. व्यवहाराच्या दिवशीच विकणारा व घेणारा यांनी फॉर्मवर सह्या कराव्यात, पावतीवर तारीख व वेळ लिहावी आणि ना-हरकत प्रमाणपत्र हाती येईपर्यंत किमतीतील ठरावीक रक्कम बाकी ठेवावी, म्हणजे घेणाऱ्याला कागदांची खात्री राहते आणि विकणाराही परिवहन कार्यालयाची फेरी टाळत नाही.